कार्बन फिल्टर लावला की पीफास गेलं का? क्रोम प्लेटिंगच्या एका कारखान्याला दिलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मुंबईच्या उपनगरातल्या एका क्रोम प्लेटिंग कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, सांभाळता. युरोपातल्या ग्राहकाने 'मालात आणि प्रक्रियेत पीफास नाही' असं लेखी मागितलं आहे. सल्लागार म्हणतो, ईटीपीच्या शेवटी एक कार्बन फिल्टर बसवा, विषय संपला. तो खरंच संपतो का, आणि इतकी वर्षं गटारातून जे गेलं ते निसर्गातून परत काढता येतं का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

कार्बन फिल्टर लागेलच, पण त्याने विषय संपत नाही. कार्बन पीफासला धरून ठेवतो, मारत नाही. आज जे पाण्यात आहे ते उद्या कार्बनमध्ये असेल, आणि तो कार्बन तुम्ही कुठे टाकता यावर ते परवा पुन्हा पाण्यात येणार की नाही हे ठरेल. सांडपाण्याच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. पीफासच्या बाबतीत मी पाहिलेल्या बहुतेक चुका 'पाण्यातून काढलं म्हणजे गेलं' या एका समजुतीतून झालेल्या आहेत.

पीफास हे एका रसायनाचं नाव नाही, ते हजारो रसायनांचं कूळ आहे. कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला की हे कूळ तयार होतं. कार्बन-फ्लोरिन बंधाची ताकद मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल आहे. सेंद्रिय रसायनांत याहून घट्ट एकेरी बंध नाही. त्यामुळे ईटीपीतले जिवाणू याला हात लावू शकत नाहीत, क्लोरीनने काही होत नाही, उन्हापावसानेही नाही. पाणी उकळलं तर पाणी आटतं, पीफास भांड्यात तेवढंच राहतं. या रेणूंपैकी आपल्याला छळणाऱ्या बऱ्याचशांना एक डोकं आणि एक शेपूट असते. डोक्याला पाणी आवडतं. शेपटीला पाणीही नको आणि तेलही नको. म्हणून हे रेणू पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे जाऊन बसतात. त्यांचा सगळा उपयोग या गुणात आहे, सगळा उपद्रवही याच गुणात आहे, आणि त्यांना पकडायची युक्तीसुद्धा इथूनच निघते.

तुमच्या बाथपाशी, म्हणजे माल बुडवून क्रोम चढवायच्या टाकीपाशी, उभं राहून हे नीट दिसतं. क्रोमच्या बाथमध्ये विजेचा बहुतेक भाग क्रोम चढवण्यात जात नाही, पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जातो. ते बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचं बारीक धुकं हवेत उडतं. षट्संयुजी क्रोमियमच्या त्या धुक्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, नाकाच्या पडद्याला भोक पडतं. जुन्या प्लेटिंग शॉपमधल्या कामगारांची नाकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. हे धुकं दाबायला बाथमध्ये फ्यूम सप्रेसंट घालतात. पृष्ठताण कमी झाला की बुडबुडा लहान होतो, हळू फुटतो, ॲसिड उडत नाही. क्रोमिक ॲसिडमध्ये साधा साबण घटकाभरात जळून जातो. फ्लोरिनवाला साबण तेवढा टिकतो. म्हणून वर्षानुवर्षं जगभरच्या प्लेटिंग कारखान्यांत पीफास कुळातलं पीफॉस हे रसायन वापरलं गेलं.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. ग्राहकाला खूश करायला उद्या सकाळी सप्रेसंट बंद करू नका. आधी बाथच्या कडेने ओढणारा एक्झॉस्ट आणि स्क्रबर नीट चालतो का ते बघा, टाकीला झाकण बसतं का बघा, वर तरंगणारे पॉलिप्रॉपिलीनचे गोळे मागवा. नदी वाचवण्यासाठी बाथवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत क्रोम घालायचं, हे मला मान्य नाही. सजावटीचं क्रोम असेल तर त्रिसंयुजी क्रोमकडे जाण्याचा विचार करा. तिथे हा प्रश्नच पुष्कळ कमी होतो. हार्ड क्रोमला मात्र ते अजून सगळीकडे जमत नाही.

आता सप्लायरचा कागद काढा. त्यावर बहुधा 'पीफॉस-मुक्त' असं लिहिलेलं असेल. पीफॉस-मुक्त म्हणजे पीफास-मुक्त नव्हे. आपल्या लिपीत एका अर्धचंद्राचा फरक आहे, पण व्यवहारात फार मोठा. २००९ साली पीफॉस स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं, अमेरिकेत सप्टेंबर २०१५ पासून क्रोम बाथमध्ये पीफॉसचे सप्रेसंट बंद झाले, आणि बाजाराने त्याच्या जागी सहा-दोन फ्लोरोटेलोमर सल्फोनेट आणलं. तेही पीफासच आहे. शिवाय बाथ जुना असेल तर पूर्वी घातलेलं पीफॉस अजून त्यात असणार. टाकीच्या अस्तराला, पाइपांच्या आतल्या बाजूला, फिल्टरच्या कापडाला ते चिकटून असतं आणि सप्रेसंट बदलल्यानंतरही वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं. फायर फोमच्या, म्हणजे आग विझवायच्या फेसाच्या, टाक्या धुताना मी हेच पाहिलं आहे: तीनदा धुऊन पाणी साफ आलं, महिनाभराने नवा फ्लोरिनविरहित फोम भरलेल्या टाकीतून नमुना घेतला तर त्यात जुनं पुन्हा हजर.

तुमची आत्ताची ईटीपी याचं काय करते? जवळपास काहीच नाही. मेटाबायसल्फाइटने क्रोम सहाचं (षट्संयुजीचं) तीन (त्रिसंयुजी) होतं, चुन्याने ते खाली बसतं, फिल्टर प्रेसमधून केक, म्हणजे दाबलेला गाळ, निघतो. पीफासचा काही भाग त्या केकबरोबर जातो, बाकीचा पाण्याबरोबर पुढे. पुढे सामायिक प्रक्रिया केंद्रात जैविक टाकी असते. तिथे एक विचित्र गोष्ट घडते. पीफासचे काही पूर्वज रेणू असे असतात की जिवाणू त्यांची मोडता येण्यासारखी बाजू खातात आणि न मोडणारं टोक शिल्लक ठेवतात. त्यामुळे आत आलेल्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात याच कुळातल्या पीफोआसारखी रसायनं जास्त मोजली जातात. नवख्या माणसाला वाटतं प्रयोगशाळेने घोळ घातला. घोळ नसतो. आधीचे ते पूर्वज रेणू मोजणीच्या यादीतच नव्हते.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पैसा आणि अब्रू दोन्ही जातात. आपण बोलतोय ते प्रमाण नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीफोआ आणि पीफॉस यांची मर्यादा प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ठरवली. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर मुंबईचा हिशेब करा. शहराला रोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी पुरवलं जातं. त्या सगळ्या पाण्यात ही मर्यादा गाठायला सुमारे १५ ग्रॅम पुरे. म्हणजे भातसा, तानसा, वैतरणा मिळून जे एका दिवसात देतात त्यात चहाचे तीन-चार चमचे. तुमच्या स्टोअरमधल्या सप्रेसंटच्या एका कॅनमध्ये किती चमचे आहेत याचा विचार करा.

इतकं थोडं मोजायचं तर नमुना घेतानाच खेळ बिघडू शकतो. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही एका कारखान्यात नमुने घ्यायला गेलो होतो. पत्र्याच्या शेडवर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माझ्याबरोबरचा मुलगा नवीन, कामाला चोख. बाटल्या पॉलिथिनच्या, हातमोजे नवे, सगळं व्यवस्थित. बरोबर एक 'ब्लँक' होती, म्हणजे प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी, जागेवर उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि तपासायला पाठवायचं. अहवाल आला तेव्हा त्या शुद्ध पाण्यातच पीफास सापडलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मी त्याला तो दिवस पहिल्यापासून पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्याने बाटल्यांची पेटी उघडली, झाकण काढलं आणि पुढे वाकला. अंगात रेनकोट. पावसाचं पाणी मण्यांसारखं ओघळून जावं म्हणून ज्याला वरून फिनिश दिलेला असतो तसला. त्याच्या बाहीवरचे थेंब बाटलीच्या तोंडाशी पडत होते. त्याखेरीज ज्या नळातून आम्ही नमुना घेतला त्याच्या आट्यांवर प्लंबरने टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. सगळे नमुने फेकून पुन्हा घ्यावे लागले. त्या मुलाची चूक नव्हती. त्याला हे सांगणं माझं काम होतं. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही साध्या सुती कपड्यांवर छत्री धरायला एक जास्तीचा माणूस नेतो.

तर आता पकडण्याबद्दल. सल्लागाराच्या मांडणीत मला सर्वांत खटकतं ते 'ईटीपीच्या शेवटी' हे दोन शब्द. शेवटी म्हणजे क्रोमचं पाणी, निकेलचं पाणी, डिग्रीझिंगचं तेलकट पाणी, फरशी धुतल्याचं पाणी, सगळं एक झाल्यावर. पीफास फक्त क्रोमच्या ओळीत आहे, मग ते बाकीच्या पाण्यात का मिसळू द्यायचं? क्रोमच्या रिन्सचा, म्हणजे माल धुतल्याच्या पाण्याचा, निचरा वेगळा काढा. समजा तो ताशी १,००० लिटर आहे. कार्बनशी पंधरा मिनिटं संपर्क हवा म्हटलं तर २५० लिटर कार्बन लागतो, म्हणजे साधारण सव्वाशे किलो. मोठ्या ड्रमएवढं भांडं. तेच सगळं एकत्र करून ताशी २०,००० लिटर केलंत तर ५,००० लिटर कार्बन लागेल, आणि त्यातला निम्मा पीफास सोडून दुसऱ्याच घाणीने भरून जाईल. सांडपाण्याच्या धंद्यात 'पातळ करून सोडा' ही जुनी सवय आहे. पीफासच्या बाबतीत तिच्याइतकी महाग सवय नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा एक पौंड पीफास विकत घ्यायला ५० ते १,००० डॉलर लागतात, आणि शहरी सांडपाण्यातून तेच एक पौंड काढून नष्ट करायला २७ लाख ते १.८ कोटी डॉलर, असा अंदाज निघाला.

कारखान्यात पकडलं तर फरक पडतो याचा पुरावा तुमच्याच धंद्यातला आहे. मिशिगन राज्यात लापीर नावाच्या गावी शहराच्या सांडपाणी केंद्रातून भरपूर पीफॉस बाहेर पडत होतं, ते फ्लिंट नदीत जात होतं आणि माशांत सापडत होतं. माग काढला तर तो एका प्लेटिंग कारखान्यापाशी थांबला. त्या कारखान्याने आपल्या पाण्यावर कार्बन बसवला आणि शहराच्या केंद्रातून निघणारं पीफॉस पार खाली आलं. २०१८ पासून त्या राज्यात सांडपाणी केंद्रांना आपल्याकडे पाणी सोडणारे असे कारखाने शोधायलाच लावलं.

कार्बन कुठे बसवायचा? क्रोम कमी करून, चुन्याने बसवून, वाळूच्या फिल्टरमधून गाळून झाल्यावर, पण दुसरं पाणी मिसळण्याच्या आधी. क्रोम सहा असलेलं पाणी थेट कार्बनवर सोडलंत तर तो क्रोमच कार्बनला खाईल. भांडी दोन, एकामागे एक. मधे नमुन्याचा नळ हवाच, आणि त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप नको. पहिल्या भांड्याच्या बाहेर पीफास दिसू लागलं की पहिलं काढायचं, दुसरं त्याच्या जागी सरकवायचं, मागे नवं लावायचं. एकच भांडं लावणारा माणूस अहवाल येईपर्यंत दोन आठवडे आंधळा असतो.

कार्बन विकणारे तुम्हाला आयोडीन नंबर सांगतील, म्हणजे तो कार्बन किती आयोडीन शोषतो तो आकडा. हजार, अकराशे. त्या आकड्यावर जाऊ नका. आयोडीनचा रेणू लहान, तो बारीकातल्या बारीक छिद्रात शिरतो. पीफॉससारख्या लांब रेणूंना आत पोचायला मधल्या आकाराची छिद्रंही लागतात. आपल्याकडे सहज मिळणारा नारळाच्या करवंटीचा कार्बन बारीक छिद्रांचा असतो. दगडी कोळशाचा कार्बन या कामात अनेकदा सरस ठरतो. अनेकदा म्हणते, नेहमी नाही. तुमचंच पाणी घ्या, दोन्ही कार्बन छोट्या नळीत भरा आणि महिनाभर चालवून बघा. दुसऱ्याच्या पाण्यावरचा निकाल तुमच्या पाण्याला लागू होत नाही.

अशाच एका चाचणीत मला कार्बनचा स्वभाव कळला. आठ कार्बन अणूंच्या शेपटीचं पीफॉस पहिले सहा आठवडे बाहेर दिसलंच नाही. चार कार्बनचं, आखूड शेपटीचं भावंड तिसऱ्या आठवड्यात दिसू लागलं, आणि पाचव्यात ते आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेरच्या पाण्यात जास्त होतं. लांब शेपटीवाल्यांनी आत येऊन आखूडवाल्यांना जागेवरून उठवलं होतं. लोकलमध्ये दादरला काय होतं ते आठवा. म्हणून अहवाल मागताना फक्त पीफॉस आणि पीफोआ मागू नका, आखूड रेणू मागा, तुमचं सहा-दोन मागा. नाहीतर 'शून्य' असा सुंदर कागद हातात येईल आणि बाकीची मंडळी नाल्यातून निघून गेलेली असतील.

आखूड रेणूंना आयन एक्स्चेंज रेझिन (विद्युतभार असलेले रेणू पकडणारे बारीक मणी) जास्त चांगलं पकडतं, संपर्कही दोन-तीन मिनिटांचा पुरतो. पण तुमच्या पाण्यात मेटाबायसल्फाइटमुळे सल्फेट खच्चून भरलेलं असणार आणि ते रेझिनवरच्या जागा अडवतं. म्हणून तुमच्याकडे आधी कार्बन, आणि गरज पडलीच तर शेवटी थोडं रेझिन. आरओ सगळ्यांनाच अडवतो, पण रिजेक्टचं, म्हणजे अडवलेलं सगळं ज्यात साठतं ते, पाणी हातात ठेवतो. ते रिजेक्ट गटारात सोडायचं असेल तर आरओ लावण्यात काय अर्थ आहे?

पाणी फार घाण असेल, उदाहरणार्थ कचराभूमीतून झिरपणारं, तर मला सर्वांत आवडणारी पद्धत फेसाची आहे. डाळ शिजताना वर फेस येतो आणि आपण तो डावाने काढून टाकतो, तसंच. पाण्यात खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, पीफासचे रेणू आपल्या स्वभावाप्रमाणे बुडबुड्याच्या कडेला बसतात, वर येतात, तो फेस ओढून घ्यायचा. कार्बन नाही, रेझिन नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ओकी इथल्या लष्करी तळावर भूजल असंच साफ केलं गेलं. लांब रेणू सुरेख निघतात, आखूड मागे राहतात. देवनारच्या डोंगराखालून मुंबईच्या पावसाळ्यात जे पाणी झिरपतं, त्यावर आपल्याकडे कुणी हे करून बघावं असं मला फार वाटतं.

आता सगळ्यात अवघड भाग: पकडलेलं संपवायचं कसं. मी एका कारखान्यात वापरलेल्या कार्बनची पोती मोजत होते तेव्हा तिथले व्यवस्थापक म्हणाले, मॅडम, कोळसाच आहे ना, बॉयलरमध्ये टाकू, जळून जाईल. मला त्यांच्यावर राग आला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साध्या भट्टीत हे रेणू पुरते तुटत नाहीत, अर्धवट तुटून चिमणीवाटे हवेत जातात, आणि जेवढे तुटतात त्यांचं हायड्रोजन फ्लोराइड होतं, जे फुप्फुस आणि चिमणी दोन्ही खातं. घातक कचऱ्याच्या इन्सिनरेटरला आपल्याकडे दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअस आणि दोन सेकंद थांबा बंधनकारक आहे. तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवताना कचऱ्याचा प्रकार स्पष्ट लिहा, तो जाळला जाणार आहे की पुरला जाणार आहे हे लेखी विचारा, आणि चिमणीच्या वायूत फ्लोराइड मोजतात का तेही विचारा. पुरलेलं पीफास नष्ट होत नाही, थांबून राहतं. त्या खड्ड्याचं झिरपपाणी पुन्हा कुणाच्या तरी ईटीपीत येतं.

जाळण्याला पर्याय येत आहेत. ३७४ अंशांच्या आणि सुमारे २२१ बारच्या वर पाणी ना द्रव राहतं ना वाफ. त्या अवस्थेत ऑक्सिजन सोडला की पीफास काही सेकंदांत मोडतं. अडचण अशी की सुटलेला फ्लोरिन यंत्राचा धातू कुरतडतो आणि क्षार साचून नळ्या तुंबतात. दुसरा मार्ग ३५० अंशांच्या आसपास कॉस्टिक सोड्यामध्ये दाबाखाली शिजवण्याचा. तिसरा विजेचा, बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर; पण पाण्यात क्लोराइड असेल तर त्याचं पर्क्लोरेट होतं आणि एका विषाच्या जागी दुसरं येतं. खाडीकाठच्या आपल्या मचूळ भूजलात हे विसरून चालणार नाही. २०२२ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी पीफोआच्या गटातली रसायनं डीएमएसओ नावाचं द्रावक आणि कॉस्टिक यांत ८० ते १२० अंशांवर तोडून दाखवली तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या. काम खरोखर देखणं होतं, पण ते कार्बोक्सिलिक आम्लांवर चालतं. तुमचं पीफॉस सल्फोनिक आहे, ते त्या भांड्यात तसंच राहतं. या सगळ्या पद्धतींना थोडं आणि घट्ट द्रव लागतं. वेगळा निचरा, छोटा कार्बन, घट्ट फेस यांवर मी एवढा जोर देते तो यासाठी. ज्याने सुरुवातीला पातळ केलं त्याच्यासाठी पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग निसर्गाचा. समुद्रात आणि खाडीत गेलेलं परत काढता येत नाही. स्टॉकहोम आणि झ्युरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं की जगात जिथे जिथे पावसाचं पाणी तपासलं तिथे अमेरिकेच्या सल्लामर्यादेपेक्षा जास्त पीफास आहे. ठाण्याची खाडी गाळून काढणारं यंत्र नाही. जिथे ते एका जागी साठलं आहे तिथे मात्र करण्यासारखं पुष्कळ असतं: फायर फोमचा सराव होत आलेली मैदानं, तेलसाठ्यांच्या आसपासची माती, प्लेटिंग शेडखालची जमीन, कचराभूमी. तिथली माती उचलता येते, धुता येते, तापवता येते, किंवा जमिनीत बारीक कार्बन सोडून पीफासला जागीच रोखता येतं. भूजल उपसून साफ करता येतं, पण ते दहा-वीस वर्षं चालणारं काम असतं. आणि केकचं किंवा ईटीपीच्या गाळाचं खत करून शेतात टाकणं, हे तर कधीच नको. अमेरिकेतल्या मेन राज्याने असा गाळ शेतात टाकण्यावर २०२२ मध्ये बंदी घातली ती शेतं आणि गाईंचं दूध वाया गेल्यावर.

इटलीतलं एक उदाहरण आपल्या दाराशी आलेलं आहे म्हणून लिहिते. विचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथल्या, पीफास बनवणाऱ्या मितेनी कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या भागातलं पाणी दूषित झालं. नळयोजनांवर कार्बन फिल्टर बसवावे लागले, लोकांच्या रक्ताच्या तपासण्या कराव्या लागल्या. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रं लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली. यंत्र कुठेही चालवलं तरी रसायनशास्त्र तेच राहतं. त्रिस्सिनोत उशिरा बसवलेले कार्बन फिल्टर आणि उशिरा झालेल्या रक्ततपासण्या लोट्यात पहिल्या दिवसापासून व्हायला हव्यात, एवढी माझी कळकळीची मागणी आहे. रक्तातलं पीफॉस निम्मं व्हायलाच तीन ते पाच वर्षं लागतात, आणि पीफोआला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये माणसात कॅन्सर करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे.

घरच्या पाण्याचंही हल्ली बरेच जण विचारतात. मुंबईचे तलाव कारखान्यांच्या वरच्या अंगाला, बरेचसे जंगलात आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू. बोअरवेल आणि टँकरची गोष्ट वेगळी. घरचा आरओ पीफासचा बहुतांश भाग अडवतो. नुसता यूव्ही काहीच करत नाही.

ग्राहकाला काय लिहायचं? 'नाही' असं लिहून सही करू नका. अमुक तारखेपासून फ्लोरिनयुक्त सप्रेसंट घालणं बंद केलं, जुन्या बाथमधलं उरलेलं प्रमाण एवढं मोजलं, रिन्सच्या पाण्यावर कार्बन आहे, मोजणीची खालची मर्यादा एवढी, आणि वापरलेला कार्बन इथे नष्ट होतो, असं लिहा. जाणकार ग्राहक या कागदावर जास्त विश्वास ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

या आठवड्यात चार बाटल्या मागवा, पॉलिथिनच्या. एक बाथमधून, एक क्रोमच्या पहिल्या रिन्समधून, एक ईटीपीच्या बाहेर आणि चौथी ब्लँक. फिल्टर प्रेसचा मूठभर केकही वेगळा पाठवा. बाथची बाटली वेगळ्या पिशवीत, सगळ्यात शेवटी भरा, नाहीतर तिच्यामुळे बाकीच्या खराब होतील. आकडे आले की त्यांच्याबरोबर रिन्सचा प्रवाह ताशी किती लिटर आणि त्यात सल्फेट किती ते कळवा. कार्बनचा हिशेब मी करून देईन.